‘एक खोली जास्तीची मिळतेय’ म्हणून घर घेताय? आधी या चुका टाळा

रिसेलचं घर दाखवायला लोक मला नेतात तेव्हा व्यवहार नव्वद टक्के उरकलेला असतो. टोकन गेलेलं, पडद्यांचा रंग ठरलेला, वास्तुशांतीची तारीखसुद्धा काढलेली. मग मला म्हणतात, “साहेब, एकदा नजर टाका, म्हणजे मनाला बरं वाटेल.” माझं काम सिव्हिल इंजिनिअरचं आहे, मनाला बरं वाटायचं औषध माझ्याकडे नसतं. नजर टाकायची वेळ टोकनाच्या आधी असते. एजंटने “दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय” म्हटलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. येऊ दे दुसरी पार्टी, ती फसेल.

घरात परवानगीशिवाय वाढवलेला भाग असणं आपल्याकडे नवीन नाही. बंद केलेली बाल्कनी, खोलीत ओढून घेतलेला खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड, पत्रा टाकून झाकलेली गच्ची, साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, काढलेलं स्वयंपाकघर, दोन फ्लॅटमधली पाडलेली भिंत. प्रत्येक वेळी पळून जावं असं मी म्हणत नाही. पण ज्या भागाला कागद नाही, त्याचे पैसे कागद असल्यासारखे मोजू नका.

घरपट्टीची पावती बघून निर्धास्त होणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिलीय की आता पावती पुढे आली की मी हसतो. “अहो, पंधरा वर्षं टॅक्स भरतोय, मीटर आहे, नळ आहे, अनधिकृत असतं तर महापालिकेने घेतला असता का टॅक्स?” घेतला असता. घेतेच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये २६७-अ नावाचं कलम आहे. बेकायदा बांधकामावर करासोबत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद त्यात आहे, आणि तिथेच लिहून ठेवलंय की ही वसुली झाली म्हणून बांधकाम कुठल्याही काळासाठी नियमित झालं असं समजू नये. म्हणजे काही वेळा पावतीवरची ‘शास्ती’ची ओळच बांधकाम अनधिकृत असल्याचा पुरावा असते, आणि विकणारा तीच पावती आपल्यासमोर छाती फुगवून धरतो! पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली शास्ती माफ झाली तेव्हा कितीतरी जण म्हणाले, आता घर अधिकृत झालं. माफ झाला तो दंड. बांधकाम होतं तिथेच आहे.

गावठाणाच्या कडेला हेच ‘नमुना ८’च्या उताऱ्याबद्दल ऐकू येतं. तो कर आकारणीचा उतारा आहे, बांधकाम परवानगी नव्हे.

इतकी वर्षं कोणी काही बोललं नाही म्हणून पुढेही बोलणार नाही, असंही धरून चालू नका. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात ५ मजल्यांची परवानगी असताना एक इमारत २० मजल्यांपर्यंत गेली. लोक तिथे १९८० च्या दशकापासून राहत होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये वरचे मजले पाडायला सांगितले आणि जून २०१४ मध्ये महापालिकेने त्या घरांचं वीज-पाणी तोडलं.

नकाशा बघणं, पण मोजणं नाही

ही माझी लाडकी चूक. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा मागतात, मिळतो, मोबाइलवर बोटांनी मोठा करून बघतात, “हां, शिक्का आहे” म्हणतात आणि बंद करतात. शिक्का असणारच हो. शिक्का घराला आहे. तुम्ही ज्या खोलीत उभे आहात ती त्या नकाशात आहे का?

एका जोडप्याने रो हाऊस घेतलं. खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम आणि एक ‘स्टडी’. त्या स्टडीवरच दोघं भाळले होते. दोन वर्षांनी शेजाऱ्याच्या भिंतीत ओल उतरली, भांडण झालं, तक्रार गेली आणि यांच्या दारावर नोटीस आली. मग मला फोन.

मी स्टडीत शिरलो आणि दारातच थांबलो. समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, दोन फूट रुंदीची सिमेंटची फळी बाहेर आलेली. तिच्यावर तीन प्रवासी बॅगा. “रेडीमेड लॉफ्ट आहे म्हणून किती आनंद झाला होता आम्हाला,” बाई म्हणाल्या. वहिनी, तो लॉफ्ट नाही, छज्जा आहे. छज्जा पावसासाठी असतो, आणि पाऊस घराच्या बाहेर पडतो. म्हणजे ही खोली एके काळी घराबाहेर होती. त्या छज्जाखालची खिडकी बेडरूममधून या खोलीत उघडत होती, ग्रीलसकट. घरातल्या घरात चोर येईल म्हणून कोणी ग्रील लावतं का?

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा चेंडू माझ्या पायाशी आला, दोन टप्पे खाल्ले आणि हळूहळू घरंगळत पुस्तकांच्या कपाटामागे गेला. “तो नेहमी तिथेच जातो,” मुलगा म्हणाला. कपाट सरकवलं. मागे कोपऱ्यात, जमिनीलगत, सिमेंटने बुजवलेलं गोल भोक होतं. गच्चीचं पाणी जायची वाट. गच्चीचा उतार तसाच ठेवून वर टाइल्स बसवल्या होत्या, आणि शेजाऱ्याच्या भिंतीतली ओलही तिथूनच.

मंजूर नकाशात त्या जागी ‘ओपन टेरेस’ लिहिलेलं. मापं ४.८० मीटर बाय ३.३० मीटर, म्हणजे १५.८४ चौरस मीटर. १०.७६४ ने गुणा, १७०.५ चौरस फूट होतात. त्यांनी घराचे पैसे १,१८० फुटांचे मोजले होते, ७,००० रुपये दराने. त्यात या एका खोलीचे झाले ११ लाख ९० हजार. आणि खरेदीखत उघडलं तर क्षेत्रफळ १,०१० फूट! जुन्या इंडेक्स टूवरून, म्हणजे आधीच्या दस्ताच्या नोंदणी उताऱ्यावरून, जसंच्या तसं उतरवलेलं. म्हणजे ज्या खोलीसाठी घर घेतलं, ती त्यांच्या खरेदीखतात नव्हतीच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. घरात जाऊन खोल्या मोजत नाही.

नियमित करून घ्यायचा प्रयत्न केला. नोटीस आली तरी मुदतीत परवानगीसाठी अर्ज करता येतो, एमआरटीपी कायद्यात, म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, ती सोय आहे. पण अर्जावर जागेच्या मालकाची सही लागते, आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंच नव्हतं. सातबारावर अजून बिल्डर. बिल्डरने सहीसाठी जे मागितलं ते इथे लिहीत नाही. आधीचा मालक फोन उचलेना. उचलून तरी काय? नोटीस आजच्या मालकाच्या नावाने येते. बांधलं कोणी, हे तुमचं आपसातलं भांडण. शेवटी त्यांनीच माणसं लावून खोली उतरवली आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. घरात गेल्यावर मी आधी नकाशा बघत नाही. आधी टेप लावतो, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी वहीत मीटरमध्ये लिहितो आणि मग नकाशा उघडतो. आधी नकाशा बघितला की डोळे त्यालाच खरं करू लागतात. मीटरचीच टेप न्या. फुटाच्या टेपने मोजून मनात रूपांतर करणारे लोक १५ फूट ९ इंचाचे सरळ १५ करतात. खोलीतला छज्जा, आत उघडणारी ग्रीलची खिडकी, दारात विनाकारण तीन-चार इंचांची पायरी, कोपऱ्यात प्लायवूडने झाकलेला पावसाच्या पाण्याचा पाइप, यातलं एक जरी दिसलं तरी तिथे पूर्वी बाहेर होतं असं धरा. घरी येऊन गूगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं बघा. पत्रा किंवा मजला कुठल्या सालानंतर आला ते बरेचदा तिथे कळतं.

आणि नकाशा विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नको. माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) दोन्हींच्या प्रमाणित प्रती मागा. “तीस दिवस कोण थांबणार?” असं मला एका मुलाने विचारलं होतं. कर्ज वीस वर्षांचं घेत होता.

बाकीच्या, थोडक्यात

सोसायटीची एनओसी म्हणजे परवानगी नव्हे. सेक्रेटरी महापालिका नाही.

भोगवटा प्रमाणपत्राची तारीख बघा. त्यानंतर जे वाढवलं ते त्या प्रमाणपत्रात बसत नाही.

स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली नुसत्या खांबांमधलं, पार्किंग भिंत घालून ‘दुकान’ किंवा ‘रूम’ म्हणून विकत असतील तर नमस्कार करून बाहेर पडा. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय.

‘टेरेस हक्कासह’ हे शब्द जाहिरातीत असतात. खरेदीखतात आणि नकाशात शोधा.

“नंतर रेग्युलराइज होईल” हे वाक्य विकणारा बोलतो, पण खर्च घेणाऱ्याच्या माथी. नियमित करून घ्यायचं एमआरटीपीचं ५२-अ कलम ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरतं, गुंठेवारीची, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटवरच्या बांधकामांची, सवलत २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची. गेल्या दिवाळीत चढवलेला मजला यात कुठून बसणार? होणारच असेल, तर त्यालाच करून द्यायला सांगा, मग खरेदीखत करा.

बँकेने कर्ज दिलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. बँकेचा माणूस तिच्या पैशांपुरतं बघतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच कर्ज द्यायला सांगितलंय. उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याचं कर्ज अडलं तर तुमची विक्रीही अडेल.

पाडलेल्या भिंतीबद्दल मात्र मी मस्करी करत नाही. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचं पुढे आलं. कागदावर दंड भरून सुटता येतं, खांब कापला असेल तर नाही. ‘ओपन किचन’ दिसलं की वर बीम कुठून कुठे जातो ते बघा. समजत नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, इंटिरिअरवाल्याला नको. तो सुंदर दिसतंय म्हणेल.

घर घेऊन बसला असाल तर

आधी रंगरंगोटी थांबवा. अनधिकृत खोलीत नवं फर्निचर करणारे लोक मला कळतच नाहीत. नकाशाची प्रमाणित प्रत काढा आणि लायसन्स्ड आर्किटेक्टला एवढंच विचारा: एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधता येणारं क्षेत्र, शिल्लक आहे का, मार्जिन सुटतंय का, जमीन कोणाच्या नावावर आहे? मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात २०२० ची एकत्रित नियमावली आहे, मुंबईला स्वतःची वेगळी. त्यामुळे मुंबईच्या मामेभावाचा सल्ला नाशिकच्या घराला लावू नका. बंद बाल्कनीसारख्या गोष्टी अधिमूल्य (प्रीमियम) भरून मार्गी लागू शकतात, मार्जिनमधलं स्वयंपाकघर सहसा नाही.

नोटीस आली असेल तर पाकिटावरची तारीख पेनाने गोल करा. मुदत त्या कागदावरच लिहिलेली असते, आणि ती ‘ओळखीच्या नगरसेवकाला’ भेटण्यात घालवणारे निम्म्याहून अधिक लोक मी पाहिलेत. लेखी उत्तर द्या, पोच घ्या.

आणि विकायची वेळ आली तर माझ्या गिऱ्हाइकांना मी एक काम करायला लावतो. नकाशाच्या झेरॉक्सवर वाढवलेला भाग लाल पेन्सिलीने रंगवायचा आणि घर बघायला येणाऱ्याच्या हातात चहाच्या आधी द्यायचा. परवा एकाने तो बघून दर पाडून मागितला आणि विकणाऱ्याने तो दिलाही. खरेदीखतात ‘ओपन टेरेस’च लिहिलं. वरचा पत्रा घेणाऱ्याने पावसाळ्याआधी स्वतःच काढला, आणि आता तिथे कुंड्या आहेत.