वरण-भात बिघडतो कुठे? स्वयंपाक नव्याने शिकताना या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये रात्री साडेनऊला दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा कुकरचं भांडं हातात घेऊन उभा होता. "काकू, आठ शिट्ट्या केल्या, तरी डाळ शिजली नाही." भांड्यात वर पिवळं पाणी, तळाशी दाणा न् दाणा वेगळा. डाळ खराब आहे का, दुकान बदलू का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, डाळीबरोबर आणखी काय घातलं होतंस? "टोमॅटो, चिंच, मीठ. वेळ वाचावा म्हणून सगळं एकदमच घातलं."

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत वरच्या खोल्यांमधली मुलं-मुली दर दोन वर्षांनी बदलतात, पण प्रश्न तेच घेऊन येतात. मोबाइलमध्ये शंभर पाककृती असतात आणि त्या बहुतेक बरोबरही असतात. पदार्थ बिघडतो तो आच, पाणी आणि क्रम या तीन ठिकाणी. मेस परवडत नाही, बाहेरचं सोसत नाही, म्हणून ही मुलं मनापासून शिकायला बसतात, आणि दोनदा डाळ कच्ची राहिली की "आपल्याला जमणारच नाही" म्हणून शेगडी पुसून ठेवतात. मला वाईट वाटतं ते याचं.

डाळ शिजत नाही

आधी त्या मुलाच्या डाळीचं. आंबट पदार्थात डाळ नीट मऊ होत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं काहीही डाळ शिजून, घोटून झाल्यावरच घालायचं. मीठही नंतरच. डाळीत सुरुवातीला फक्त पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि दोन थेंब तेल. तेलामुळे फेस कमी येतो आणि शिट्टीच्या भोकात डाळ अडकत नाही.

दुसरी गोष्ट शिट्ट्यांची. मोठ्या आचेवर कुकर ठेवला की शिट्ट्या भराभर होतात. प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफ. डाळ किती शिजली ते शिट्ट्यांच्या आकड्यावरून कळत नाही. कुकरमध्ये दाब धरलेला असताना आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि त्या तापमानात डाळ किती वेळ राहिली याला महत्त्व आहे. म्हणून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या, मग गॅस बारीक करून बारा ते पंधरा मिनिटं ठेवा. मध्ये एखाद-दुसरी शिट्टी झाली तर होऊ द्या. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढली की डाळ उसळून वर येते, शिवाय त्या जिरणाऱ्या वाफेत होणारं शेवटचं शिजणंही राहून जातं.

वरण-भात एकाच वेळी भांड्यांमध्ये लावत असाल तर कुकरच्या तळाला दोन फुलपात्री पाणी आहे ना, ते झाकण लावण्याआधी बघा. हे विसरलं की रिंग जळते, कधी कधी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. डाळ थेट कुकरमध्येच शिजवायची असेल तर पाण्यासकट एक तृतीयांशाच्या वर भरू नका.

आणि तिसरं कारण पाणी. माझा भाचा कोथरूडहून वाघोलीला राहायला गेला. डाळ तीच, कुकर तोच, पण त्याचा फोन आला, "मावशी, इथे डाळ मऊच होत नाही." तिकडे त्याच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतात, म्हणून डाळ सुटी राहते. त्याला सांगितलं, डाळ अर्धा तास भिजव आणि भिजवायला, शिजवायला दोन्हीला पिण्याचं फिल्टरचं पाणी घे. दुसऱ्याच दिवशी वरण जमलं. काही जण अशा वेळी खायचा सोडा टाकतात. डाळ मऊ होते खरी, पण सोड्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रोजच्या जेवणासाठी ही सवय लावून घेऊ नका.

पातेल्यात डाळ शिजवणाऱ्यांनी आणखी थोडा धीर धरावा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

भात कधी गिच्च, कधी कच्चा

इथे बहुतेक वेळा तांदूळ न ओळखण्याची चूक असते. पुण्यात इंद्रायणी सगळीकडे मिळतो, मावळातला तांदूळ, वासाला छान, पण मुळातच चिकट. त्याचा फडफडीत भात होत नाही आणि तो तसा व्हायलाही नको. गरम वरण-तुपाबरोबर तो मऊच चांगला लागतो. जुन्या कोलमला वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी लागतं, नव्या इंद्रायणीला दीड ते पावणेदोन पुरतं. नवं पोतं फोडलं की पहिल्या दिवशी थोडाच भात लावून अंदाज घ्या.

फोडणी

आपल्या स्वयंपाकातली निम्मी चव इथे ठरते आणि निम्म्या चुकाही इथेच होतात, म्हणून सावकाश सांगते.

कढई कोरडी हवी. तेल घाला, मध्यम आचेवर तापू द्या आणि मोहरीचा एक दाणा टाकून बघा. दाणा गप्प बसला तर थांबा. लगेच तडतडला तर बाकीची मोहरी घाला. तेलातून धूर निघायला लागला असेल तर गॅस बंद करून अर्धा मिनिट जाऊ द्या. मोहरी पूर्ण तडतडलीच पाहिजे, अर्धी कच्ची राहिली तर दाताखाली कडू लागते. तडतडण्याचा आवाज मंदावला की गॅस बारीक, मग जिरं, पाठोपाठ हिंग आणि पुसून कोरडा केलेला कढीपत्ता. ओला कढीपत्ता तेल अंगावर उडवतो. हळद सगळ्यात शेवटी. हळद गरम तेलात दोन-तीन सेकंदच टिकते, नंतर काळपट होते आणि सगळी भाजी कडवट करते. तेव्हा चिरलेला कांदा किंवा भाजी हाताशी ठेवूनच हळद घाला.

कांदा चिरायच्या आधी कढई गॅसवर ठेवणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक. तो कांदा शोधतो, सोलतो, तोवर मोहरी जळून जाते. आधी चिरा, वाट्यांमध्ये काढा, मग गॅस पेटवा. लाल तिखट तेलात पडलं की घरभर ठसका उठतो. सुरुवातीला ते भाजीवरच घाला. गोडा मसालाही फोडणीत घालू नका, आमटीला उकळी येताना घाला. करपला की त्याचा वास जातो आणि आमटी नुसती काळी दिसते.

फोडणी जळलीच, तर त्यावर भाजी ओतून ती झाकायला जाऊ नका. चमचाभर तेल टाकून द्या, कढई पुसा, पुन्हा करा. तेल वाचवायला जाल तर पाव किलो भाजी वाया जाईल.

भाज्या

मंडईतून भेंडी आणली की ती आधी धुवून, एकेक पुसून, मग चिरायची. चिरून धुतली की तार सुटते. परतताना झाकण ठेवू नका, मीठ शेवटी घाला आणि दोन आमसुलं टाका, आंबटपणामुळे चिकटपणा कमी होतो.

पालेभाजीही चिरण्याआधीच धुवायची. निवडून, अख्ख्या पानांनी मोठ्या पातेल्यात तीनदा धुवा, माती खाली बसू द्या आणि पानं वरून उचलून घ्या. पातेलं चाळणीवर पालथं केलं तर तीच माती परत पानांवर येते. पावसाळ्यात हे जास्तच पाळा. मेथी किंवा पालक कढईत टाकल्यावर डोंगराएवढा दिसतो आणि मुलं त्या अंदाजाने मीठ घालतात. पाच मिनिटांत तो मूठभर होतो. भाजी बसल्यावरच मीठ घाला.

कोबी, फ्लॉवर, गवार बुडाला लागते म्हणून पाणी ओतलं जातं आणि भाजी पाणचट होते. त्याऐवजी कढईवर खोलगट ताटली ठेवा आणि ताटलीत पाणी घाला. आतली वाफ थंड ताटलीला लागून परत खाली पडते आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. आई हेच करायची, मी हेच करते. कमी तेलात भाजी शिजवायची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही. बूड मात्र जाड हवं. पातळ स्टीलच्या पातेल्यात कोणाचीही भाजी लागेल. तुळशीबागेत जाऊन एक जाड बुडाची कढई घ्या, तो खर्च वर्षानुवर्षं कामाला येतो. लोखंडी कढई घेतलीत तर तिच्यात चिंच-आमसुलाचे पदार्थ करू नका, काळे पडतात.

पोहे

पुड्यावर "जाड पोहे" असंच लिहिलेलं हवं. चिवड्याचे पातळ पोहे भिजवले की लगदा होतो. चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, निथळू द्या, दहा मिनिटांनी एक दाणा दोन बोटांत दाबा. सहज दबला तर झालं. मधे कणी लागली तर पाण्याचा हबका मारा. मीठ-साखर भिजलेल्या पोह्यांनाच लावून ठेवा, म्हणजे सगळीकडे सारखी लागते. फोडणीत मिसळून बारीक गॅसवर झाकण ठेवून एक दणदणीत वाफ येऊ द्या. वाताड पोह्यांचं कारण बहुतेक वेळा ही न काढलेली वाफच असते.

"हेल्दी" म्हणून तेल-मीठ सोडू नका

बऱ्याच जणांची सुरुवात अशी होते: सोमवारपासून बिनतेलाची भाजी, बिनमिठाची डाळ. गुरुवारी जेवण घशाखाली उतरत नाही आणि शुक्रवारी बाहेरून बिर्याणी येते. तेल बंद करू नका, मोजा. कॅनमधून थेट कढईत ओतू नका, चहाच्या चमच्याने घाला. एका माणसाच्या भाजीला एक ते दीड चमचा पुरतो. मिठाचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितलं आहे, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडं कमी, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. ताटात एक कोशिंबीर वाढवा. काकडीला मीठ जेवायला बसताना लावा, आधी लावलं तर पाणी सुटतं.

उरलेला भात

हे कळकळीने सांगते. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, असं खोल्यांमधून सर्रास चालतं. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन् तास उबदार हवेत राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मग उलट्या. एप्रिल-मेच्या पुण्यात तर हा धोका जास्तच. जेवण झालं की भात पसरट ताटात गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर मोजूनच भात लावा.

बिघडलंच तर

आमटी खारट झाली की कोणीतरी बटाटा टाकायला सांगतं. बटाटा खारट पाणी पितो, पण उरलेली आमटी तितकीच खारट राहते. बिनमिठाची शिजलेली डाळ आणि गरम पाणी घालून वाढवा. कढी फुटली तर गॅस बंद करून रवीने घुसळा. पुढच्या वेळी ताकाला बेसन आधी लावा, उकळी येईपर्यंत ढवळत राहा आणि मीठ शेवटी घाला.

भाजी खाली लागली तर अजिबात ढवळू नका. वरची वर अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, बहुतेक भाजी वाचते. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून पाच मिनिटं उकळा, थर सुटून येतो. भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, काळं पडतं. नुसतं गरम पाणी घालून रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी लाकडी उलथन्याने काढा.