सीईएचा आकडा आणि सलाईनमधला तुकडा: या चुका टाळा

“पसरलाय का हो?” नाशिकमधल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर सीईएचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्तात तपासल्या जाणाऱ्या एका प्रथिनाचा, रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न हाच. समोर निफाडचे बागायतदार असोत की कॉलेज रोडवरच्या बाई, बोट थेट आकड्यावर जातं. पहिली चूक तिथेच होते.

सीईए हे पेशीला पेशी चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या घराण्यातलं. फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला त्याचा शोध जाहीर केला. निरोगी आतड्यातही ते थोडं असतं, पण पोकळीच्या बाजूला, म्हणून शौचावाटे निघून जातं. कर्करोगात पेशींची ही शिस्त मोडते आणि ते रक्तात उतरतं. रक्तातून ते काढून टाकायचं काम यकृताचं. त्यामुळे यकृत बिघडलं तरी आकडा चढतो. आतड्याला सूज असेल तरी चढतो, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा तर असाही थोडा वरच असतो. बहुतेक रिपोर्टवर मर्यादा ५ नॅनोग्रॅमच्या आसपास असते. एकदा ६ आला म्हणजे रोग पसरला असं नाही. निरोगी माणसाने ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून ही तपासणी करण्यातही अर्थ नाही.

उलट चूक जास्त महागात पडते. काही गाठी सीईए सोडतच नाहीत. ऑपरेशनआधी रक्त तपासलंच नसेल, तर नंतरच्या ‘नॉर्मल’वर किती विसंबायचं? ऑपरेशननंतर आठव्या दिवशी घाईने तपासू नका, आकडा खाली यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. पुढे दोन-तीन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते. आमच्याकडे ती नेमकी द्राक्षतोडणीत चुकते! लॅबही बदलू नका. यंत्र बदललं की आकडा बदलतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देताना सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे सीईए खोटाच कमी दिसतो. आणि केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत आकडा उसळला तर लगेच धीर सोडू नका, तो कधीकधी आपोआप उतरतो.

आता तुकड्याबद्दल. माझ्या मावसभावाच्या आतड्याच्या गाठीचा तपासणीसाठी काढलेला तुकडा एका दवाखान्यातून सलाईनच्या बाटलीत आला होता. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्यात पेशी टिकत नाहीत, सडायला लागतात. अशा तुकड्यावर ई-कॅडहेरिन हे प्रथिन रंग देऊन तपासलं आणि रंग फिका आला, तर प्रथिन खरंच हरवलं की आपणच घालवलं, हे कोण सांगणार? हे प्रथिन पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतं. बांधणी सुटली की पेशी भटकायला मोकळ्या होतात, म्हणून तर त्याला महत्त्व. स्लाइड वाचताना शेजारचा निरोगी भाग आधी बघायचा. तिथे पेशींच्या कडेला रंग नसेल तर गाठीबद्दल बोलूच नये.

‘ई-कॅडहेरिन कमी’ एवढ्यावरून स्टेज ठरत नाही. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींमध्ये) किंवा लांबच्या अवयवात पोचली का, यावर ती ठरते. नोड किमान १२ तपासलेले असावेत. रिपोर्टमध्ये हा आकडा शोधा.

तुकडा नेताना दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिन (तुकडा टिकवून ठेवणारं द्रव) घ्या, तुकड्याच्या दहापट तरी. आणि बाटली रुंद तोंडाची. मऊ असताना तुकडा अरुंद तोंडातून आत सरकतो, फॉर्मॅलिनमध्ये कडक झाला की बाहेर येत नाही, आणि आम्ही बाटली फोडत बसतो.