आजोबांच्या इंजिनाचे धरलेले नट

खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठी आमची शेती. विजेची मोटर बसवल्यापासून आजोबांचं डिझेल इंजिन खोपटात पडून होतं. इकडच्या पावसाने हेडचे, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाचे नट स्टडवर (आटे पाडलेल्या दांड्यांवर) असे धरले की पानाच सरकायचा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आट्यांत पाचरीसारखा बसतो.

पहिल्याच दिवशी मी पान्याला पाईप घालून जोर लावला आणि एक स्टड मोडला. फार वाईट वाटलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हयात घालवलेले शेजारचे काका म्हणाले, "जोर नको रे, त्याला वेळ दे."

पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून चार दिवस सकाळ-संध्याकाळ नटांवर सोडलं, वर हातोडीचे हलके ठोके. मग सगळं कोरडं पुसून, बाटली लांब ठेवून (हे मिश्रण पटकन पेटतं, विसरू नका) फक्त नट गॅसने तापवला. २० मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं की साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं, तेवढं पुरतं. पाव आटा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा. पहिला नट कर्रकन फिरला तेव्हा अंगावर काटा आला.

मोडक्या स्टडवर नट वेल्डिंग करून तोही काढला. पिस्टन अजून धरलेलाच आहे. सिलेंडरमध्ये डिझेल भरून ठेवलंय.