बाखचा पाचवा चेलो सूट: हस्तलिखितापासून वादनापर्यंत कसे जावे

युरोपातील सतराव्या-अठराव्या शतकातील संगीत त्या काळची वाद्ये, वादनाच्या रीती आणि लेखनाचे संकेत ध्यानात घेऊन सादर करण्याच्या पद्धतीला ‘ऐतिहासिक जाणिवेचे वादन’ म्हणता येईल. पूर्वी यालाच ‘अस्सल वादन’ म्हणत असत. पण अस्सलपणाचा दावा कोणालाही सिद्ध करता येत नाही हे उमगल्यावर अभ्यासकांनी तो शब्द बहुतेक सोडून दिला. घराण्यात शिकलेल्या गायकाला बंदिशीची स्वरलिपी अपुरी असते हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण लिपीत न मावलेले सारे त्याला गुरूसमोर बसून मिळालेले असते. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या चेलो सूटांपुरते (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातील मोठे वाद्य, आणि सूट म्हणजे बहुतेक नृत्यांवर बेतलेल्या प्रकरणांची मालिका) बोलायचे तर असे शिकवणारी सलग परंपरा आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. हाती उरले आहेत ते कागद, काही जुनी वाद्ये आणि त्या काळच्या वादकांनी लिहिलेले ग्रंथ. त्यांच्याकडून उत्तरे कशी मिळवावीत, हे बाखच्या सी मायनरमधील पाचव्या सूटाच्या आधाराने पाहू. चेलो न वाजवणाऱ्या वाचकालाही यातील बहुतेक पायऱ्या कागद, पेन्सिल आणि कान यांच्या बळावर करता येतील.

पहिली पायरी: छोटा भाग आणि नेमका प्रश्न

संपूर्ण सूट एकदम हाती घेऊ नये. सुरुवातीला त्यातील साराबांद हे नृत्यप्रकाराचे प्रकरण घ्यावे. ते अवघ्या २० मात्राखंडांचे, म्हणजे मात्रांच्या ठरावीक गटांचे, आहे. ‘हे कसे वाजवावे?’ हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्याचे उत्तर शेवटी आवडीनिवडीवर येऊन थांबते. त्याऐवजी ‘कोणते स्वर एका गजात जोडावेत?’, ‘गती किती असावी?’, ‘वजन कोणत्या मात्रेवर पडते?’ असे तीन-चार प्रश्न वहीत लिहून काढावेत. पुढे सापडणारा प्रत्येक पुरावा यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे त्याच वेळी नोंदवत जावे.

दुसरी पायरी: साक्षीदार गोळा करणे

हे सहा सूट बाखने १७२० च्या सुमारास, क्योथेन येथील राजपुत्र लिओपोल्डच्या दरबारात संगीतप्रमुख असताना रचले असावेत, असे सामान्यतः मानले जाते. त्यांची बाखच्या हातची प्रत हरवली आहे. उरल्या आहेत त्या अठराव्या शतकातील चार हस्तलिखित नकला: ऑर्गनवादक योहान पेटर केलनरची १७२६ ची, बाखची पत्नी आना माग्डालेना हिची त्यानंतरच्या काही वर्षांतील, आणि शतकाच्या उत्तरार्धातील दोन अनामिक नकला. यांपैकी तीन बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आणि एक व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पहिली छापील आवृत्ती पॅरिसमध्ये १८२४ साली निघाली. या प्रतींची छायाचित्रे आता ‘बाख डिजिटल’सारख्या संकेतस्थळांवर घरबसल्या पाहता येतात, आणि बेरेनरायटर या प्रकाशनसंस्थेने २००० साली काढलेल्या आवृत्तीत त्यांच्या प्रतिकृतीही आहेत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती कशी सिद्ध केली, याची थोडी ओळख असलेल्या वाचकाला येथे परके वाटणार नाही. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळलेला नियम येथेही लागू होतो: प्रतींची संख्या मोजायची नसते, त्यांचे कूळ पाहायचे असते. दोन्ही अनामिक नकला एकाच हरवलेल्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात असे त्यांतील समान पाठांवरून दिसते. त्यामुळे त्या दोघींचे एकमत म्हणजे दोन मते नव्हेत, एकच मत आहे. त्यांत जोडरेषा (एका गजात कोणते स्वर घ्यायचे हे दाखवणाऱ्या कमानी) आणि अलंकार जास्त आहेत. ते बाखचेच मानायचे की मधल्या काळातील एखाद्या वादकाची भर समजायचे, हा प्रश्न उघडा ठेवून पुढे जावे.

केलनरच्या नकलेत आपल्या निवडलेल्या भागापुरती मोठी अडचण आहे. पाचव्या सूटातील साराबांद त्याने उतरवलेलीच नाही आणि शेवटची जीग ही नृत्यरचनाही अर्धवट सोडली आहे. म्हणजे सर्वांत जुना साक्षीदार ऐन वेळी गैरहजर आहे.

तिसरी पायरी: लेखनिकाची परीक्षा

माझ्या मते साऱ्या अभ्यासाचा कणा ही पायरी आहे आणि घाई होते तीही इथेच. आना माग्डालेनाचे अक्षर सुंदर आहे, तिने उतरवलेले स्वर बहुतांशी बिनचूक आहेत आणि ती बाखच्या घरात राहत होती. या तिन्ही गोष्टींमुळे तिच्या जोडरेषांवरही, म्हणजे कमानींवरही, विश्वास ठेवावासा वाटतो. परंतु तिची प्रत उघडताच दिसते की कमान अनेकदा स्वरांच्या वर अधांतरी तरंगते. ती दुसऱ्या स्वरापासून सुरू होते की तिसऱ्या, हे ठरवता येत नाही, आणि एकाच नक्षीचे स्वर पुन्हा आले की तिथे कमानीची लांबी बदललेली असते.

तिच्या कमानी कितपत विश्वासार्ह आहेत, हे तर्काने नव्हे तर प्रत्यक्ष मोजून पाहण्याची सोय सुदैवाने उपलब्ध आहे. एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांची बाखच्या हातची प्रत, जिच्यावर १७२० हे साल आहे, शिल्लक आहे; आणि त्याच रचनांची आना माग्डालेनाने केलेली नक्कलही शिल्लक आहे. ही नक्कल आणि चेलो सूटांची नक्कल ही तिने एकाच ग्राहकासाठी, बाखकडे शिकायला आलेल्या श्वानबेर्ग या वादकासाठी केलेली जोडी होती. म्हणून पुढीलप्रमाणे करावे. व्हायोलिनच्या जी मायनर सोनाटातील पहिल्या आदाजिओचे (संथ प्रकरणाचे) पान दोन्ही प्रतींतून काढून शेजारीशेजारी ठेवावे. बाखच्या प्रतीतील प्रत्येक कमानीला क्रमांक द्यावा. मग नकलेत ती कमान तशीच आहे, सरकली आहे, आखूड झाली आहे की गळली आहे, असे चार रकाने आखून एकेक खूण करत जावे. एका पानाला एखादी संध्याकाळ पुरते.

हे काम स्वतः केल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. तासाभरात या लेखनिकेच्या हाताची सवय आपल्या डोळ्यांना लागते: तिची घाई कुठे होते, कमान कोणत्या बाजूला घसरते, कोणत्या प्रकारच्या जागा ती काळजीने उतरवते, हे आपोआप दिसू लागते. मग चेलोच्या पानावरील संदिग्ध कमान वाचताना नुसता अंदाज बांधावा लागत नाही. त्या हाताच्या सवयीनुसार मुळात काय असण्याचा संभव अधिक, हे कारणासह सांगता येते. एक मर्यादा मात्र विसरू नये. व्हायोलिनच्या नकलेमागची मूळ प्रत स्वच्छ आणि नीटस होती. चेलोच्या नकलेमागची प्रत तशी होती याचा पुरावा नाही, आणि तिच्यातच कमानी अस्पष्ट असतील तर दोष आना माग्डालेनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डच चेलोवादक आनर बायल्स्मा यांनी तर तिच्या कमानी, विसंगत दिसल्या तरी, जशाच्या तशा वाजवून पाहाव्यात असा आग्रह धरला होता. तो मान्य नसला, तरी आपण कमान बदलली तर का बदलली याचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे.

चौथी पायरी: जवळच्या नातलगाची साक्ष

पाचव्या सूटाला इतर पाचांना नसलेले एक भाग्य लाभले आहे. १७३० च्या सुमारास बाखने हा सूट ल्यूट या वाद्यासाठी जी मायनरमध्ये पुन्हा लिहिला, आणि ती त्याच्या स्वतःच्या हातची प्रत ब्रुसेल्सच्या शाही ग्रंथालयात आहे. शीर्षक फ्रेंचमध्ये असून त्यात ‘मस्य शूस्टर’ (म्हणजे श्रीयुत शूस्टर) याच्यासाठी असा उल्लेख आहे. ती शेजारी ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात: चेलोच्या नकलांत जिथे स्वरांविषयी मतभेद आहेत तिथे बाखचा हात कोणाच्या बाजूने आहे, चेलोवर नुसता सूचित होणारा खर्जाचा स्वर ल्यूटसाठी त्याने कुठे प्रत्यक्ष लिहिला आहे, आणि पहिल्या प्रकरणातील टिंबयुक्त लय (लांब स्वरामागून आखूड स्वर येणारी) दोन्हीकडे सारखीच लिहिली आहे का. ल्यूटवर गज नसतो, त्यामुळे गजाच्या प्रश्नांवर या प्रतीची साक्ष फारशी चालत नाही, हेही लिहून ठेवावे.

पाचवी पायरी: जुने ग्रंथ कसे वाचावेत

जुन्या ग्रंथातून एखादे वाक्य उचलायचे आणि ते कोणत्याही रचनेला लावायचे, ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य चूक आहे. ग्रंथ उघडण्यापूर्वी तो कोणी, कुठे, कोणत्या साली, कोणत्या वाद्यासाठी लिहिला हे वहीत नोंदवावे आणि त्याचे आपल्या रचनेपासूनचे अंतर मोजावे. फ्रेंच नृत्यसंगीतात मात्राखंडाच्या पहिल्या स्वराला गज खाली ओढावा, ही रीत ग्योर्ग मुफाटने १६९८ मध्ये तपशिलाने सांगितली; पाचव्या सूटाची घडण फ्रेंच वळणाची असल्याने ती येथे कामाची आहे. योहान योआखिम क्वान्ट्सचा बासरीवरचा ग्रंथ १७५२ चा, म्हणजे सूटांनंतर सुमारे तीस वर्षांचा, आणि तो बर्लिनच्या दरबारी अभिरुचीतून आलेला आहे. लिओपोल्ड मोझार्टचा व्हायोलिनवरचा ग्रंथ १७५६ चा. या दोघांहून अलंकारांच्या बाबतीत जवळचा पुरावा खुद्द बाखचाच आहे: १७२० मध्ये क्योथेन येथेच त्याने मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी सुरू केलेल्या वहीत अलंकारांची खूण आणि तिचा अर्थ यांचा छोटा तक्ता दिला आहे. त्यात ट्रिल (दोन लगतच्या स्वरांची जलद अदलाबदल) वरच्या स्वरापासून सुरू होतो. तक्ता कीबोर्ड वाद्यासाठी आहे, तरी काळ, स्थळ आणि हात तिन्ही जुळतात.

गतीच्या प्रश्नावर क्वान्ट्स मोठा विचार करायला लावतो. निरोगी माणसाच्या नाडीचे मिनिटाला सुमारे ८० ठोके धरून तो नृत्यांच्या गती सांगतो, आणि साराबांदमध्ये प्रत्येक मात्रेला एक ठोका देतो. आपल्या साराबांदचे २० मात्राखंड, प्रत्येकी तीन मात्रा. दोन्ही भागांची आवर्तने धरून १२० मात्रा. या हिशोबाने ती दीड मिनिटात संपते. आज ऐकू येणारी बहुतेक वादने याच्या दुपटीहून अधिक वेळ घेतात. म्हणून ती चुकीची ठरतात का? लगेच नाही. क्वान्ट्स तिथे नर्तकांना साथ करण्याविषयी बोलतो आहे आणि ही साराबांद नाचण्यासाठी लिहिलेली नाही. तरीही एकदा ८० च्या गतीने ती वाजवून किंवा गुणगुणून पाहावी. वाक्ये कुठे संपतात हे त्या गतीत चटकन कळते, आणि पुढे गती कमी केली तरी ती जाण टिकते.

टिंबयुक्त लय लिहिल्यापेक्षा ताणून वाजवावी का, हा वाद पहिल्या प्रकरणात तुम्हाला भेटेलच. तशी ताणण्याची सार्वत्रिक रीत होती या समजुतीला संगीत-अभ्यासक फ्रेडरिक नॉयमन यांनी १९६५ मध्ये जोरदार आव्हान दिले, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंनी लिहिले जात आहे. येथे ग्रंथांपेक्षा ब्रुसेल्सच्या प्रतीवर अधिक वेळ घालवणे मला योग्य वाटते.

सहावी पायरी: वाद्याला प्रश्न विचारणे

या सूटासाठी चेलोची सर्वांत वरची तार एक स्वर उतरवून ए ऐवजी जी करायची असते. स्वर मात्र बोटे नेहमीच्या जागी ठेवता यावीत अशा बेताने लिहिलेले आहेत, त्यामुळे त्या तारेवरचे स्वर लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली ऐकू येतात. नेहमीच्या जुळणीवर वाजवले तर काही जोडस्वर (एकत्र वाजवायचे स्वर) अशक्य होतात आणि वाद्याचा आवाज उजळतो; या सूटाचा काळवंडलेला, दबका नाद बऱ्याच अंशी त्या ढिल्या तारेतून येतो. म्हणून वादकाने तार उतरवून पाहणे ही ऐच्छिक गोष्ट समजू नये.

तारा तेव्हा तातीच्या असत, खालच्या तारांवर धातूचे वेष्टण चढवलेले असे. चेलो जमिनीवर टेकवण्याची दांडी नव्हती, तो पोटऱ्यांमध्ये धरत. गजाचा आजचा आकार पॅरिसमध्ये फ्रान्स्वा तूर्तने १७८० च्या दशकाच्या सुमारास स्थिर केला. त्यापूर्वीच्या गजाची काडी सरळ किंवा बाहेर किंचित फुगलेली आणि टोकाकडे हलकी असे, त्यामुळे स्वर आपोआप उमलतो आणि टोकाशी विरतो. असा गज मिळत नसेल तर आपलाच गज मुठीपासून थोडा वर धरून वाजवावा. फरकाची कल्पना येते. ए चा स्वर ४१५ हर्ट्झला जुळवण्याची आजची प्रथा ही सोयीची तडजोड आहे, कारण तो ४४० पेक्षा जवळपास बरोबर अर्धा स्वर खाली येतो. त्या काळी स्वरपट्टी गावोगाव आणि चर्चमध्ये-दरबारात वेगवेगळी होती.

येथे एक सावधगिरीचे उदाहरण सांगणे आवश्यक आहे. बाखचे चार स्वरांचे जोडस्वर एकदम वाजावेत या इच्छेपायी विसाव्या शतकात अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकानेही कमानीसारख्या वाकलेल्या ‘बाख गजा’चा पुरस्कार केला. बाखच्या काळातील असा गज कोणालाही सापडलेला नाही. हवे ते उत्तर आधी ठरले की पुरावा कसा कल्पिला जातो, ते यात दिसते.

सातवी पायरी: विश्लेषण

विश्लेषण वादनानंतर करण्याची गोष्ट नाही. कमानीविषयीचा निर्णय घेण्यापूर्वीच ते झालेले असावे. साराबांदमध्ये वजन पुष्कळदा दुसऱ्या मात्रेवर येते, आणि इतर सूटांत बाख तिथे जोडस्वर किंवा लांब स्वर ठेवून ते दाखवतो. पाचव्या सूटातील साराबांदमध्ये एकही जोडस्वर नाही. एकच धागा आहे, आणि हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची संगती) ऐकणाऱ्याने मनात पुरी करायची आहे. म्हणून कोऱ्या कागदावर प्रत्येक मात्राखंडातील सर्वांत खालचे स्वर वेगळे लिहून काढावेत, मग वरचे. एकाच ओळीत दडलेले दोन-तीन आवाज समोर येतात. कोणता स्वर हार्मनीबाहेरचा आहे आणि तो कुठे सुटतो हे पेन्सिलीने दाखवावे. पहिले आठ मात्राखंड ई फ्लॅट मेजरमध्ये स्थिरावतात आणि उरलेले बारा सी मायनरला परततात. या दोन मुक्कामांकडे जाताना खर्ज कसा पावले टाकतो ते गाऊन पाहावे. तणावाचा स्वर आणि त्याची सुटका यांना एका गजात जोडण्याचा सल्ला त्या काळचे लेखक देतात, त्यामुळे हा नकाशा तयार झाला की आना माग्डालेनाच्या संदिग्ध कमानींपैकी बऱ्याच जागा उलगडतात. काही उलगडत नाहीत, आणि त्या तशाच राहू द्याव्यात.

आठवी पायरी: वाजवणे आणि नोंद ठेवणे

आता प्रत्येक संदिग्ध जागा किमान दोन प्रकारे वाजवून ध्वनिमुद्रित करावी आणि दुसऱ्या दिवशी ऐकावी. त्यानंतरच बायल्स्मा यांचे १९७९ चे किंवा निकोलाउस हार्नोनकूर्ट यांचे १९६५ चे ध्वनिमुद्रण ऐकावे. आधी ऐकले तर त्यांचा निर्णय आपलाच वाटू लागतो.

संगीत-अभ्यासक रिचर्ड टारुस्किन यांनी १९८० च्या दशकापासून ऐतिहासिक जाणिवेच्या वादनाच्या चळवळीवर असा आक्षेप घेतला की जुन्या काळाच्या नावाखाली प्रत्यक्षात विसाव्या शतकाची कोरडी, वेगवान अभिरुचीच वाजवली जाते. हा आक्षेप मला पुष्कळ अंशी खरा वाटतो, आणि त्याला वादनाच्या शैलीतून उत्तर देता येत नाही. वहीतून मात्र देता येते. तुमच्या प्रतीतील प्रत्येक कमान, प्रत्येक अलंकार आणि निवडलेली गती यांच्यासमोर तीन रंगांपैकी एक खूण करावी: साक्षीदारात दिसते त्याला निळी, साक्षीदाराच्या सवयीवरून किंवा विश्लेषणावरून अनुमानिले त्याला हिरवी, आणि केवळ मला असे आवडते म्हणून ठेवले त्याला लाल. कार्यक्रमाच्या वेळी हीच प्रत स्टँडवर ठेवावी. पुढच्या वर्षी साराबांद पुन्हा हाती घ्याल तेव्हा लाल खुणांपासून सुरुवात करावी.