पँडोराची पेटी उघडताय? या चुका टाळा

स्मरणिका, लेख, जाहिराती यांची प्रुफं तपासणं हा माझा धंदा. पँडोरा म्हणजे ग्रीक पुराणकथेतली ती बाई, जिने झाकण उघडलं आणि जगभर रोगराई, पीडा सुटल्या; ‘पँडोराची पेटी उघडणं’ म्हणजे नसती संकटं मोकळी सोडणं. दर महिन्याला एखादी तरी पँडोरा हाताखालून जाते आणि बहुतेक वेळा बिचारीची पार वाट लावलेली असते.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ‘पँडोराची पेटी’ हा शब्द खजिना या अर्थाने वापरणं. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मुख्य लेखाचं शीर्षक होतं, ‘आठवणींची पँडोराची पेटी’. मी लाल पेनाने गोल करून समासात लिहिलं, ‘हिच्यातून रोगराई बाहेर पडते.’ संपादकांचा फोन आला, “अहो, राहू द्या हो, वजनदार वाटतं.” राहिलं. प्रकाशनाच्या दिवशी एका निवृत्त सरांनी माइक हातात घेतला, मूळ गोष्ट सांगितली आणि शांतपणे विचारलं, “तर मग आमची बॅच यातली नेमकी कोणती पीडा?” सभागृह खो खो हसलं. शेवटच्या पानावर ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे माझं नाव होतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पेटीच्या जागी ‘आग्या मोहोळाला दगड मारला’ घालून वाक्य वाचायचं. अर्थ टिकला तर पँडोरा ठेवायची. फरक इतकाच, की माश्या कधीतरी पोळ्यावर परततात, पँडोराने सोडलेलं परत आत जात नाही. आठवणींसाठी आपल्याकडे ‘पोतडी’ आहे की! पण घाईतल्या नवलेखकाला घरचा शब्द सुचत नाही, ग्रीसमधला सुचतो.

दुसरी चूक खुद्द पेटीची. ख्रिस्तपूर्व 700 च्या सुमाराला हेसिअड या ग्रीक कवीने ही कथा सांगितली, तिच्यात पेटी नाहीच. ‘पिथोस’ आहे. म्हणजे धान्य, तेल, दारू साठवायचा मातीचा रांजण. क्रीटमधल्या क्नोसोसच्या राजवाड्यात माणसाच्या उंचीचे पिथोस सापडलेत. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये गोष्ट सांगताना ‘पिक्सिस’ लिहिलं. पिक्सिस म्हणजे झाकणाची छोटी डबी, आपला करंडाच म्हणा ना. रांजणाचा करंडा झाला आणि पुढे युरोपभर पेटी रूढ झाली. म्हणून वाक्प्रचारात पेटी चालेल, तिथे मी हटून बसत नाही. पण मुलांना गोष्ट सांगताना रांजणच लिहा, आणि चित्रकाराला कडीकुलपाची तिजोरी काढू देऊ नका.

‘उत्सुकता आवरली नाही म्हणून तिने झाकण उघडलं’ हेही हेसिअडच्या तोंडी घालू नका. ताकीद तिला नव्हतीच. देवांचा राजा झ्यूस याच्याकडून भेट घेऊ नकोस, असं प्रोमिथिअस नावाच्या टायटनने बजावलं होतं ते आपल्या भावाला, एपिमिथिअसला. त्याने घेतली. भेट म्हणजे पँडोराच.

पीडांबरोबर रांजणात आशाही होती. ‘शेवटी आशा बाहेर पडली’ असं लिहितात. नाही. ती रांजणाच्या काठाखाली आतच राहिली.

राहिलं नाव. ग्रीकमध्ये ‘पॅन’ म्हणजे सर्व, ‘डोरॉन’ म्हणजे भेट. यावरून ‘सर्वगुणसंपन्न’ असा अर्थ देणाऱ्या बारशाच्या याद्या फिरतात. हेसिअडच्या मते ऑलिंपसवरच्या सगळ्या देवांनी तिला काही ना काही दिलं, म्हणून हे नाव. अथीनाने विणकाम शिकवलं, अ‍ॅफ्रोडाइटीने मोहकपणा दिला, इथवर ठीक. हर्मीसने मात्र खोटं बोलणं आणि चोरटा स्वभाव दिला, आणि ते यादीत कोणी छापत नाही. उलट ‘सर्व काही देणारी’ या अर्थाने प्राचीन ग्रीक हेच नाव धरणीमातेलाही लावत. मुलीला ठेवायचंच असेल तर तो अर्थ सांगा.

आणि ‘पँडोराज बॉक्स’ लिहू नका. मराठीत ‘चा, ची, चे’ आहेत.