कामाच्या ठिकाणी पाळणाघर कसे सुरू करावे : गोव्यातील आस्थापनांसाठी मार्गदर्शन

प्रसूती रजा संपत आली की नोकरी करणाऱ्या आईपुढे सर्वांत मोठा प्रश्न असतो तो बाळाला दिवसभर कोण सांभाळणार याचा. आजी-आजोबा जवळ असतील आणि त्यांची प्रकृती साथ देत असेल तर तो सुटतो. पण वास्को, झुआरीनगर, फोंडा, म्हापसा येथे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या जोडप्यांकडे असे कोणी नसते, आणि सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील गावांतून औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या घरी आता आजीसुद्धा काजूच्या बागेत किंवा कामावर असते. अशा वेळी चांगली शिकलेली, हाताशी कामाचा अनुभव असलेली स्त्री राजीनामा देते, आणि आस्थापनेचे व तिचे दोघांचेही नुकसान होते. कामाच्या ठिकाणचे पाळणाघर हे नुकसान टाळू शकते. मात्र ते मुलांना सांभाळणाऱ्या माणसांपासून आणि आईच्या वेळापत्रकापासून उभे करावे लागते. भिंतींवरची चित्रे आणि घसरगुंडी यांचा विचार नंतर करता येतो.

प्रथम कायद्याची बाजू. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार तर ३० हून अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे आधीपासूनच सक्तीचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून मातृत्व लाभाच्या तरतुदी आता त्या संहितेत आहेत. ५० कर्मचाऱ्यांची अट तिच्यातही कायम आहे, आणि ही संख्या मोजताना स्त्रिया व पुरुष दोन्ही कर्मचारी धरायचे असतात. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा द्यावी लागते, त्यात तिची नेहमीची विश्रांतीची वेळही मोडते. शिवाय मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दोन वेळा सवड द्यावी लागते. काही आस्थापनांनी एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवायला, किंवा सरकारी, नगरपालिकेच्या, खासगी अथवा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराची सोय घ्यायला संहितेत स्पष्ट वाव आहे.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी जी किमान मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत सहा महिने ते सहा वर्षे हा वयोगट धरलेला आहे. परंतु २६ आठवड्यांच्या रजेपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. जिने ती पूर्ण घेतली, तिचे बाळ ती कामावर परत येते तेव्हा अवघे चार महिन्यांच्या आसपासचे असते, आणि त्या वयात त्याला वरचे काहीच द्यायचे नसते. म्हणून आपल्या नियमावलीत सहा महिन्यांची अट आंधळेपणाने उतरवू नये. एक तर लहान बाळांसाठी वेगळी माणसे व वेगळी जागा ठेवावी, नाही तर त्या सुमारे दोन महिन्यांसाठी घरून काम किंवा वाढीव रजा द्यावी.

जागा शोधण्याआधी कर्मचाऱ्यांची माहिती गोळा करावी. मुले किती व कोणत्या वयाची, पुढच्या वर्षभरात किती जणी रजेवर जाणार, कोण कोणत्या शिफ्टला येते, कोठून येते आणि कशाने येते, एवढे प्रश्न पुरेत. पण ते पुरुष कर्मचाऱ्यांनाही विचारावेत, कारण पत्नी दुसरीकडे नोकरी करत असेल तर मूल वडिलांबरोबर येऊ शकते. कंत्राटी कामगारांनाही विचारावे. बागकाम, सफाई आणि कँटीनमधल्या बायकांची मुले बहुधा सर्वांत निराधार असतात, आणि त्यांना वगळून केलेल्या पाळणाघराला मी तरी अपुरेच म्हणेन.

गोव्यात या माहितीतून सर्वांत महत्त्वाचा निघतो तो प्रवासाचा मुद्दा. वेर्णे, कुंडई, मडकई, पिसुर्ले येथील कारखान्यांत बरेच कर्मचारी कंपनीच्या बसने येतात. वाळपईकडून वेर्ण्याला येणाऱ्या बाईला बसमध्ये तास-दीड तास जातो. सहा महिन्यांचे बाळ पहाटे उठवून, पावसाळ्यात छत्री सांभाळत थांब्यावर उभे राहून, एवढा प्रवास दोन वेळा रोज करणे हे बाळालाही झेपत नाही आणि आईलाही. पाळणाघर कामाच्या आवारातच हवे असा हट्ट येथे उपयोगाचा नाही. जिथे बहुतेक जणी जवळपास राहतात, तिथे आवारात किंवा मार्गदर्शक तत्त्वांत सांगितल्याप्रमाणे ५०० मीटरच्या आत पाळणाघर करावे. ज्या दुरून येतात, त्यांच्यासाठी त्यांच्या गावाजवळच्या चांगल्या पाळणाघरातील जागांचा खर्च आस्थापनेने उचलणे हा जोड पर्याय ठेवावा. तो कायदेशीर जबाबदारीची जागा घेतो असे समजू नये. त्याबाबत कामगार आयुक्तांच्या कार्यालयाशी लेखी बोलून घ्यावे. मुले बसने येणारच असतील, तर बसमध्ये आईला पुढची ठराविक जागा, कमरेचा पट्टा आणि उभ्या प्रवाशांवर बंदी एवढे तरी करावे.

औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांनी सामाईक पाळणाघराचा मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. एकट्या कारखान्याकडे चार-पाच मुले असतात, तेवढ्यांसाठी पूर्णवेळ प्रशिक्षित माणसे ठेवणे परवडत नाही, आणि मग एखाद्या मदतनीस बाईवर सगळे सोपवले जाते. पाच-सहा कारखाने एकत्र आले की तीसेक मुलांचे नीट पाळणाघर उभे राहते. करारात प्रत्येकाच्या राखीव जागा, खर्चाची वाटणी, एखादा भागीदार बाहेर पडला तर त्याच्या मुलांचे काय, आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे चार मुद्दे आधीच लिहून ठेवावेत. खर्चाची वाटणी मुलांच्या संख्येवर न करता एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर करावी. मुलांवर केली तर प्रत्येक मूल हा त्या व्यवस्थापनाला वाढीव खर्च वाटू लागतो आणि तरुण बायकांना कामावर घेताना हात आखडता घेतला जातो.

आता माणसांविषयी, कारण सारे यश यावरच आहे. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई व एक मदतनीस हे प्रमाण किमान समजावे. रांगत्या बाळांसाठी मी तेही अपुरे मानते आणि तीन-चार बाळांमागे एक व्यक्ती असावी असे सुचवते. कोणतीही प्रौढ व्यक्ती मुलांबरोबर बंद खोलीत एकटी राहणार नाही, हा नियम ताईंच्याही संरक्षणाचा आहे. नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि आधीच्या ठिकाणी प्रत्यक्ष चौकशी करावी. नेमणुकीनंतर प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, आणि त्यात घशात काही अडकलेल्या बाळाला पालथे धरून पाठीवर थाप कशी द्यायची हे प्रत्येकीकडून बाहुलीवर करून घ्यावे. पगार किमान वेतनाच्या काठावर ठेवू नये. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पगारी रजा द्यावी, आणि रजेवर गेलेल्या ताईच्या जागी येणारी बदली व्यक्ती मुलांच्या ओळखीची असावी. दर तीन महिन्यांनी ताई बदलणाऱ्या पाळणाघरात मुले रुळत नाहीत. आईचेही मग कामात लक्ष लागत नाही.

भाषेचाही विचार करावा. एकाच खोलीत कोंकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुले असतात. दोन ताईंपैकी एकीला तरी कन्नड किंवा हिंदी येत असेल तर फार सोपे जाते. प्रत्येक मूल तहान, भूक आणि शी-शू यांसाठी घरी कोणता शब्द वापरते, तो प्रवेशाच्या दिवशीच वहीत लिहून घ्यावा.

जागा तळमजल्यावर, हवेशीर, रसायनांचा वास, यंत्रांचा आवाज आणि मालवाहू गाड्यांची ये-जा यांपासून लांब असावी. आवारात विहीर, टाकी किंवा चर असेल तर तो कुलूपबंद झाकणाने बंद करावा. न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली कधीही ठेवू नये. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. विजेचे प्लग उंचावर, खिडक्यांना डासांच्या जाळ्या, दोन दरवाजे, अग्निशामक आणि इन्व्हर्टर हे ओघाने आलेच. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये गाद्यांना बुरशी धरते आणि कपडे वाळत नाहीत, म्हणून कापसाच्या गाद्यांऐवजी पुसता येणाऱ्या पातळ गाद्या घ्याव्यात आणि झाकलेल्या ओट्यावर दोऱ्या बांधाव्यात. एक वर्षाखालील बाळाला पाठीवर झोपवावे, उशी व जाड पांघरूण देऊ नये. घरी काहीही प्रथा असली तरी पाळणाघरात हे पाळावे.

पाळणाघराशेजारी आईला बसायला आडोशाची खोली हवी. तीत हात धुण्याची सोय, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि एक लहान फ्रीज असावा. औषधनिर्मितीच्या कारखान्यात एक अडचण हमखास येते, तिच्याकडे लक्ष देणारा पर्यवेक्षक मला क्वचितच भेटला आहे. स्वच्छ विभागात काम करणाऱ्या बाईला बाहेर पडताना पूर्ण पोशाख, टोपी, पायमोजे उतरवावे लागतात, हात धुवावे लागतात, आणि परत जाताना तेच सारे उलट क्रमाने करावे लागते. पंधरा मिनिटांची सवड यातच संपते आणि बाळ अर्धपोटी राहते. म्हणून सवडीची वेळ ती पाळणाघरात पोहोचल्यापासून मोजावी, कपडे बदलण्याचा व चालण्याचा वेळ त्यात धरू नये, आणि त्या वेळेपुरती तिची जागा घेणारी व्यक्ती शिफ्टच्या तक्त्यात नावानिशी नेमावी. असे नाव लिहिलेले नसेल, तर ती कायद्याने मिळालेली मुभा असूनही उठत नाही.

काढून ठेवलेले दूध साधारण खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकते, पण गोव्यातील उकाड्यात ते लगेच फ्रीजमध्ये ठेवणे बरे. बाटलीवर मुलाचे नाव, तारीख व वेळ हवी. दूध कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करावे, मायक्रोवेव्हमध्ये नको, आणि उष्टे राहिलेले टाकून द्यावे. सहा महिन्यांपुढे मऊ भात, पेज, डाळ, नाचणीचे तिजण (पातळ लापशी), कुस्करलेले केळे असे घरचेच अन्न चालते. एक वर्षाच्या आत मध देऊ नये. अख्खे शेंगदाणे, द्राक्षे, चणे हे पाच वर्षांखालील मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

आजारपणाचे नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावेत. ताप, जुलाब, वांत्या किंवा अंगावर पुरळ असलेले मूल त्या दिवशी घ्यायचे नाही. पण हा नियम तेव्हाच पाळला जातो, जेव्हा त्या दिवशी आईला किंवा वडिलांना पगार न कापता रजा मिळते. नाही तर सकाळी तापाचे औषध पाजून मूल सोडले जाते आणि आठवडाभरात साऱ्या खोलीला ताप येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पाळणाघरात कोणतेही औषध देऊ नये. लसीकरणाचे कार्ड, जवळच्या दवाखान्याचा फोन आणि गाडीची तयारी ठेवावी.

सोडणे व नेणे ही दिवसातली सर्वांत नाजूक वेळ. सकाळी ताईने बाळ हातात घेताना आईसमोरच अंगावरच्या जुन्या खुणा, शेवटचे दूध आणि झोप यांची नोंद करावी, आणि संध्याकाळी दिवसभराची वही आईला दाखवावी. नावे दिलेल्या व्यक्तींखेरीज मूल कोणाच्याही ताब्यात द्यायचे नाही, मग तो काका असला तरी. सीसीटीव्ही खेळण्याच्या खोलीत असावा, दूध पाजण्याच्या खोलीत कधीही नको. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. व्यवस्थापनाने आतल्या आत चौकशी करत बसणे हा गुन्हा ठरू शकतो. गोव्यात गोवा बाल अधिनियम, २००३ हा स्वतंत्र कायदाही आहे, त्याची ओळख ताईंना करून द्यावी. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा.

हॉटेल व्यवसायाने थोडा वेगळा विचार करावा. तेथे काम रविवारी, नाताळात आणि रात्री अधिक असते, तर शाळा व अंगणवाड्या सकाळच्याच असतात. त्यामुळे मोठ्या मुलांना दुपारनंतर सांभाळण्याची गरज जास्त. रात्री मुलांना पाळणाघरात झोपवण्यापेक्षा लहान मुलांच्या आईला दिवसाची शिफ्ट देणे बरे.

शुल्क पगाराच्या प्रमाणात व नाममात्र ठेवावे. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या पाळणाघराचा खर्च कंपनीच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीत धरता येत नाही, हे लेखापालाला आधीच सांगावे. पहिल्या काही महिन्यांत मुले थोडीच येतील, आणि तेवढ्यावरून ते बंद करण्याचा विचार कोणी तरी मांडेल. निदान वर्षभर तरी थांबावे, कारण आज रजेवर असलेली आई आजच ठरवत असते की परत यायचे की नाही. म्हणून पाळणाघराची माहिती नेमणुकीच्या वेळी लेखी द्यावी, २०१७ च्या सुधारणा कायद्यानेही तसे बंधन घातले होते. नंतर ती रजेवर जाण्यापूर्वी खोली दाखवून, ताईंशी ओळख करून देऊन प्रवेशाचा अर्ज भरून घ्यावा. आणि रुजू होण्याच्या आधीचे दोन आठवडे तिने बाळासह पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस येऊन बसावे, तो काळ पगारी धरावा.