पिशवी नंतर, आधी जिना: फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आपत्कालीन तयारी कशी करावी

आपत्कालीन तयारी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक पिशवी येते. टॉर्च, औषधं, कागदपत्रं, पाण्याची बाटली. पिशवी हवीच, पण ती भरायला एक संध्याकाळ पुरते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची खरी अडचण वेगळी आहे. घराला दार बहुधा एकच असतं आणि ते रस्त्यावर उघडत नाही, सगळ्यांच्या जिन्यावर उघडतं. पाणी सगळ्यांच्या टाकीतून येतं, टाकी पंप भरतो आणि पंप विजेवर चालतो. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात लागलेली आग पाच मिनिटांत आपली होऊ शकते.

म्हणून कुठल्याही संकटात पहिला प्रश्न एकच असतो: बाहेर पडायचं की घरातच थांबायचं? याचं उत्तर ऐनवेळी शोधायला वेळ मिळत नाही, ते आधी ठरवून ठेवावं लागतं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

पायरी १: एकदा जिन्याने उतरून पाहा

आजच. लिफ्ट सोडा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन तळमजल्यापर्यंत चालत जा. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात ते मोजा, आणि भिंत उजव्या हाताला राहते की डाव्या, हेही लक्षात ठेवा. धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत, हाताने भिंत चाचपत जावं लागतं. एका टप्प्याला पायऱ्या किती आहेत हे मुलांना मोजायला सांगा, ती विसरत नाहीत.

इमारतीला दुसरा जिना असेल तर परत येताना त्याने या. तो तळाशी कुठे उघडतो? तिथे कुलूप आहे का? असेल तर किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे असते? बाहेर पडण्याच्या वाटेवरचं दार आतून किल्लीशिवाय उघडायला हवं, यात तडजोड नाही. जिन्यातले दिवे वीज गेल्यावरही लागतात का, तेही वॉचमनला विचारून घ्या.

मग जिन्यातलं सामान बघा. चपलांची कपाटं, कुंड्या, जुन्या गाद्या. मी पहिल्यांदा असा तपासत उतरलो तेव्हा वळणावर सर्वांत जास्त अडचण करणारी वस्तू सायकल होती, आणि ती आमचीच होती.

जिन्याची दारं आपोआप बंद होणारी असतील तर ती वारा यावा म्हणून वीट लावून उघडी ठेवू नका. ९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या १९ मजली इमारतीत एका फ्लॅटमधल्या विजेच्या हीटरमुळे आग लागली. ज्वाळा तो फ्लॅट आणि त्याच्या बाहेरच्या बोळापलीकडे फारशा गेल्या नाहीत. पण घरातले लोक बाहेर पडल्यावर आपोआप बंद व्हायला हवं होतं ते दार उघडंच राहिलं आणि धूर जिन्यातून वर चढला. १७ माणसं गेली, त्यांत ८ मुलं होती. मृत्यूचं कारण धूर.

पायरी २: आग लागली तर काय, हे आधी ठरवा

आग आपल्याच घरात असेल तर उत्तर सोपं आहे: सगळ्यांनी बाहेर. निघताना दार ओढून घ्या, पण कुलूप लावू नका. इमारतीत धोक्याची घंटा असेल तर ती वाजवा, शेजाऱ्यांची दारं ठोठावत खाली जा आणि अग्निशमन दलाला फोन बाहेरून करा. पाकीट, लॅपटॉप, दागिने यांसाठी मागे फिरायचं नाही.

आग दुसरीकडे असेल तेव्हा डोकं वापरावं लागतं. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला आणि मुठीला लावून पाहा. गार असेल तर थोडंसं उघडून बघा. बोळ आणि जिना स्वच्छ असेल तर दार ओढून घेऊन खाली उतरा. दार गरम असेल किंवा बाहेर धूर दाटला असेल तर घरातच थांबा. लोकांना हे पटत नाही, आगीत घरात कसं थांबायचं म्हणतात. पण धुराने भरलेल्या जिन्यात शिरण्यापेक्षा बंद दारामागची खोली बहुतेक वेळा सुरक्षित असते. दाराखालच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा, रस्त्याकडच्या खिडकीशी जा आणि फोन करून मजला व फ्लॅट क्रमांक सांगा. खिडकीतून चादर किंवा टॉर्च हलवत राहा. आपल्या इमारतीसाठी अग्निशमन दलाने वेगळी सूचना दिलेली असेल तर अर्थात ती पाळायची.

धुरातून जावंच लागलं तर रांगत जा, कारण गरम धूर वर चढतो आणि जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते. नाकावर ओला रुमाल धरल्याने काजळी थोडी अडते, पण कार्बन मोनॉक्साइड अजिबात अडत नाही. तेव्हा रुमाल आहे म्हणून धुरात शिरायचं धाडस करू नका.

लिफ्ट वापरू नये हे सगळ्यांना पाठ असतं, कारण मात्र माहीत नसतं. लिफ्टचा पोकळ चर धुरासाठी चिमणीसारखं काम करतो, वीज कधीही जाऊ शकते आणि लिफ्ट नेमकी आगीच्या मजल्यावर उघडू शकते. गच्चीकडे धावण्याचंही तसंच. धूर वरच जातो आणि गच्चीला बहुधा कुलूप असतं. उंच इमारतींत काही मजल्यांवर आसऱ्यासाठी मोकळी जागा सोडलेली असते. तुमच्याकडे ती कितव्या मजल्यावर आहे आणि तिथे कोणी पार्टीचं सामान भरून ठेवलेलं नाही ना, हे बघून या. खिडक्यांना पक्की ग्रिल असेल तर निदान एका ग्रिलला आतून उघडणारा झरोका करून घ्या. त्याची किल्ली तिथेच जवळ, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी टांगा.

घरात पावडरचा छोटा अग्निशामक सिलिंडर असावा. तो शेगडीजवळ नको, बाहेरच्या दाराजवळ टांगा, म्हणजे तो उचलताना पाठ सुटकेच्या वाटेकडे राहील. पिन ओढायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि एका बाजूकडून दुसरीकडे फिरवत जायचं. छोटा सिलिंडर जेमतेम दहा-पंधरा सेकंद चालतो. कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठी तो पुरेसा आहे. पडदे पेटले आणि ज्वाळा छताला लागल्या की त्याचं काम संपलं, आपण निघायचं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी चुकूनही टाकू नका. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १७०० पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, घट्ट बसणारं झाकण सरकवून ठेवा आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत ते उचलू नका. विजेवरच्या स्कूटरची बॅटरी दाराच्या आतल्या वाटेवर रात्रभर चार्जिंगला लावायची सवय असेल तर ती आजच मोडा. ती पेटली तर नेमकी सुटकेची वाटच अडवते.

पायरी ३: तीन गोष्टी बंद करायला शिका

गॅस, वीज, पाणी. तिन्हींच्या मुख्य चाव्या किंवा स्विच कुठे आहेत हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारातही सापडायला हवं. त्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवा.

गॅसच्या वासाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे माणसं घाईत नेमकी चूक करतात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका असतो, तो छताकडे जातो. दोन्हींच्या बाबतीत पहिला नियम सारखाच: कुठलाही स्विच चालू करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्हींत पडते. एक्झॉस्ट पंखा लावणं ही नेहमीची चूक. रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि फोन बाहेर गेल्यावर करा. शेजाऱ्यांना सावध करताना त्यांची बेल दाबू नका, दार हाताने ठोठवा.

पायरी ४: तीन दिवस घरातच काढायची सोय

वीज गेली की फ्लॅटमध्ये थोड्याच वेळात पाणीही जातं. माणशी रोज चार लिटर धरा, त्यात पिणं, थोडंफार शिजवणं आणि हात-तोंड धुणं येतं. चार माणसांना तीन दिवसांचे ४८ लिटर, म्हणजे ४८ किलो वजन. ते वरच्या फळीवर ठेवू नका, पलंगाखाली आणि कपाटाच्या तळाशी वाटून ठेवा. हे पाणी संपलं तर गीझरमधलं आठवा, साठवणीच्या गीझरमध्ये १५ ते २५ लिटर सहज असतं. आधी त्याची वीज बंद करा, पाणी गार होऊ द्या, मग काढून उकळून घ्या.

संडासात बादलीने पाणी ओतता येतं. पण पुरात गटारं तुंबलेली असताना हात आखडता घ्या. वरच्या मजल्यांवरून सोडलेलं पाणी खाली वाट मिळाली नाही की तळमजल्यावरच्या घरात वर येतं.

फ्रिज न उघडता ठेवला तर आतलं सुमारे चार तास थंड राहतं, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसही टिकतो. मेणबत्त्यांपेक्षा टॉर्च बरा. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात किंवा बाल्कनीत अजिबात नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. पॉवर बँक दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा, नुसती पडून राहिली तरी ती उतरते. आणि फोन लागत नसेल तर साधा एसएमएस करा. कॉल जात नाही तेव्हाही तो बऱ्याचदा पोहोचतो.

लिफ्टमध्ये अडकलात तर घंटेचं बटण दाबा आणि थांबा. लिफ्ट हवाबंद नसते, त्यामुळे गुदमरायची भीती नको. खरा धोका असतो दार ओढून दोन मजल्यांच्या मधून बाहेर पडण्यात, कारण खाली चर उघडा असतो.

पायरी ५: भूकंप, वादळ, पूर

भूकंपात जिन्याकडे पळू नका. भक्कम टेबलाखाली वाका, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा आणि हादरे थांबल्यावरच हला. वरचे मजले जास्त आणि जास्त वेळ डोलतात, तेव्हा उंच कपाटं भिंतीला क्लॅम्पने पक्की करा आणि पलंगाच्या डोक्याशी काचेची फ्रेम टांगू नका. पलंगाखाली एक जोडी बूट ठेवा, कारण नंतर सर्वांत जास्त त्रास काचांचा होतो.

वादळाआधी बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. पुरात तळघरातली गाडी काढायला जाऊ नका. साधारण ९० सेंटिमीटर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी साचलं तरी त्यावर शंभर किलोपेक्षा जास्त भार येतो आणि पाण्याच्या दिशेने उघडणारं दार एकट्याने ढकलता येत नाही.

पायरी ६: आता पिशवी

पाठीवर अडकवायची, म्हणजे हात कठड्यासाठी आणि मुलासाठी मोकळे राहतात. आठवड्याची औषधं चिठ्ठीसह, कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोकड, टॉर्च, शिटी, चष्मा, घराची जादा किल्ली. महत्त्वाचे फोन क्रमांक कागदावर लिहा, कारण आता ते कोणालाच पाठ नसतात. पिशवी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला दोन मजले उचलून नेता आली नाही तर ती हलकी करा.

पायरी ७: मजल्यावरची माणसं

आपल्या मजल्यावर कोणाला जिना उतरता येत नाही? कोण ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे, ज्याला वीज जाताच सिलिंडर लागेल? दुपारी कोणाच्या घरी फक्त आजी आणि बाळ असतं? हे प्रश्न शेजाऱ्यांना बसवून विचारा, चहाच्या निमित्ताने का होईना. प्रत्येक अशा घरासाठी दोन माणसं ठरवा, एकच नको, कारण नेमका तो कामावर असतो. आजोबांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरलं असेल तर एकदा रिकाम्या खुर्चीने जिन्याचं वळण घेऊन पाहा. हात असलेली खुर्ची अनेक जिन्यांत वळतच नाही, बिनहाताची वळते. इमारतीबाहेर जमायची जागाही ठरवा, फाटकापासून दूर, म्हणजे बंबाची वाट अडणार नाही. तिथे डोकी मोजायचं काम कोणाचं, तेही त्याच दिवशी नक्की करा.